पगारदार खोकला

किल्लीवाल्याला एक विचारलं तर तो तीन सांगतो, आणि त्या तिनांतलं एकही खरं असेल याची हमी त्याचा बापसुद्धा देणार नाही. माणसाला किल्ली करायला दिली की त्याने किल्ली करावी. कानस घासावी, पैसे घ्यावेत, मान खाली ठेवावी. हा मान वर करून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करणार, मग आपली हकीकत सांगणार, आणि आपली संपली की शेजाऱ्याची काढणार. मामीचं त्याच्याशी भांडण जुनंच होतं. त्याचं बाकडं तिच्या खिडकीसमोर, आणि तिथला लोखंडाचा कीस वाऱ्याने उडून तिच्या काज-बटणाला आलेल्या पांढऱ्या शर्टांवर बसायचा. पण कीस झटकला की जातो. त्या दिवशी त्याने जे उडवलं ते झटकून जाणारं नव्हतं. त्याच्या जिभेपायी मामीच्या नातीचं कॉलेज हातचं जायची वेळ आली.

मामी म्हणजे गल्लीची मामी. सख्खी कुणाचीच नाही, पण टोमणा मारायचा हक्क सगळ्यांवर. शाळेत ती गेली ती पाटी फुटेपर्यंत. दुसरी पाटी कुणी आणून दिली नाही आणि तिनेही मागितली नाही. घर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीचं दार उघडलं की दोन पायऱ्या आणि लगेच रस्ता. तिथे तिघी राहत. मामी, दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस असलेली तिची लेक, आणि लेकीची लेक चिमी.

लेकीचा काडीमोड चिमी लहान असतानाच झाला. जावई वाईट होता असं मामी कधी म्हणाली नाही. "वाईट ठरायलासुद्धा माणसाला काहीतरी करावं लागतं," ती म्हणायची, "ह्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत." तो नुसता उठून गेला. दुसऱ्या गावी दुसरा संसार मांडला, फोनचा नंबर बदलला, आणि संपलं. कोर्टाने पोर आईकडे दिली. त्याने ती मागितलीच नव्हती.

मग ह्या दोन खोल्या मिळाल्या. तिघी नवीनच राहायला आल्या होत्या. दिवेलागणीची वेळ. लेक भाजी निवडत होती, चिमी पुस्तकात डोकं घालून बसली होती, मामी सुईत दोरा ओवत होती. आणि दाराची मूठ हळूच खाली गेली.

कुणी टकटक केली नाही. कुणी हाक मारली नाही. मूठ खाली गेली, थांबली, वर आली. परत खाली गेली. दाराखालच्या फटीत दोन पायांची सावली दिसत होती. लेकीने चिमीच्या तोंडावर हात ठेवला. मामीला ओरडायचं होतं, पण घशाला अशी कोरड पडली होती की ओरडण्याऐवजी खोकला आला. जाडाभरडा, पोटातून आलेला, बाईचा न वाटणारा. सावली हलली. मामीच्या ध्यानात आलं. ती आणखी एकदा खोकली, ह्या खेपेला मुद्दाम, आणि करकरणाऱ्या खाटेवर दाणकन बसली. पावलं निघून गेली.

कोण होता ते कधीच कळलं नाही. कळलं असतं तर भीती त्या एका माणसापुरती राहिली असती. कळलं नाही, म्हणून ती रस्त्यावरच्या प्रत्येकाला चिकटली.

दुसऱ्या दिवसापासून मामीने घरात पुरुष ठेवला.

शिंप्याकडे एक शर्ट पडून होता. कारागिराने त्याची एक बाही चार बोटं आखूड कापली होती आणि गिऱ्हाइकाने तो शिंप्याच्या अंगावर फेकला होता. मामीने तो मागून घेतला. रोज भिजवायचा आणि खिडकीबाहेरच्या दोरीवर टाकायचा. जुन्या बाजारातून तिने चांगले थोराड बूट आणले. अंधार पडायच्या आत ते पायरीवर ठेवायचे, चवडे घराकडे करून. सकाळी उचलून आत, म्हणजे पुरुष कामाला गेला. दार वाजलं की कडी काढायच्या आधी लेकीने आत तोंड करून म्हणायचं, "अहो, दारात कोण आलंय बघा हो!" त्यावर मामीने मागच्या खोलीतून खोकायचं. आणि दिवेलागणीला कडी लावताना चिमीने मोठ्याने विचारायचं, "बाबा, कडी लावू का?"

सुरुवातीला ती पोर असं विचारून क्षणभर थांबायची. कुणी 'हो' म्हणेल म्हणून. पुढे थांबायची सोडली. मामीने ते पाहिलं होतं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

वर्षं गेली. भीती काही गेली नाही, पण तिला घराचं वळण लागलं. चिमी मोठी झाली, चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि डोळे तपासायचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात तिला जागा मिळाली. फीचा आकडा ऐकून लेक भिंतीला टेकली.

"मदत मिळते आई," चिमी म्हणाली. "आईवडील वेगळे झाले असले तर मुलगी ज्याच्याकडे राहते त्याचीच कमाई धरतात. म्हणजे तुझी. तुझी धरली की मदत मिळतेच."

"आणि बाप घरातच राहत असला तर?" मामीने विचारलं.

"तर त्याचीही धरतात. पण ते राहत नाहीत ना."

"त्याच्या न राहण्याचा हा पहिला उपयोग," मामी म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

"एवढंच आहे आजी, की खरंखोटं बघायला कॉलेजचं माणूस घरी येतं. न कळवता. काही लोक मदतीसाठी कागदावर वेगळे होतात आणि घरात एका ताटात जेवतात. असं कुणी सापडलं की अर्ज तर जातोच, जागाही जाते."

"असल्यांची जायलाच पाहिजे," मामी ठसक्यात म्हणाली. "आपल्याला काय भीती?"

बूट आणि शर्ट तिच्या मनात आलेच नाहीत. लेकीच्याही नाही, चिमीच्याही नाही. सकाळी दात घासतो ते कुणाला सांगायचं म्हणून लक्षात ठेवतं का कुणी?

कॉलेजची तपासणीवाली बाई आली ती दिवस कलताना. थंडीचे दिवस, अंधार लवकर पडायचा, म्हणून मामीने बूट आधीच पायरीवर मांडले होते. लेक नुकतीच कामावरून आली होती. टकटक झाली आणि हात पुसता पुसता लेकीने रोजच्यासारखं म्हटलं, "अहो, दारात कोण आलंय बघा हो!"

मागच्या खोलीतून मामी खोकली.

चिमी तेवढी खिडकीपाशी होती. तिला दारातली बाई दिसली, बाई पिशवीतून काढून गळ्यात घालत होती ते कॉलेजचं ओळखपत्र दिसलं, आणि तिच्या तोंडावरचं रक्त कुणी पुसून घ्यावं तसं उतरलं. "आई, नको," ती म्हणाली. पण कडी निघाली होती.

बाई आत आली. उंच, सडपातळ, केस चापूनचोपून बांधलेले. आधी तिने पायरीवरच्या बुटांकडे पाहिलं, मग दोरीवरच्या शर्टाकडे, आणि मग खुर्चीत बसली. पाणी नको म्हणाली. पाणी नको म्हणणाऱ्या माणसाची मामीला पहिल्यापासून धास्ती.

"घरात कोण कोण असतं?"

"आम्ही तिघी," लेक म्हणाली. आवाज तिच्यापाशीच राहिला.

"मग आत्ता 'अहो' कुणाला म्हणालात? आणि खोकलं कोण?"

लेकीने मामीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिला एकच शिकवलं होतं, परक्या माणसासमोर 'घरात पुरुष नाही' हे तोंडातून काढायचं नाही. ते शिक्षण पक्कं झालं होतं.

खिडकी उघडी होती. समोर किल्लीवाल्याची कानस मघापासून बंद पडली होती, म्हणजे त्याचे कान इकडे होते. वरच्या मजल्यावरची शिकवणीवाली जिन्यात उभी होती. कोपऱ्यावर रोजचं टोळकं उभं होतं, त्यातल्या एकालाही मामीने कधी काम करताना पाहिलं नव्हतं.

"बाई," मामी आवाज खाली आणून म्हणाली, "मागच्या खोलीत चला. सांगते सगळं."

"इथेच सांगा. आतबाहेर केलं की माझी शंका वाढते." बाईने मांडीवरचा कागद उलटला. "मी आत यायच्या आधी दोन ठिकाणी विचारलंय. समोरचे किल्लीवाले म्हणतात, घरात धिप्पाड गृहस्थ आहेत. डोकं तापट. कारखान्यात रात्रपाळीला असतात आणि पगार भरपूर आहे."

"पगार?" मामीच्या तोंडून निघून गेलं. "पगार कुठून आणला त्या मेल्याने?"

"म्हणजे गृहस्थ आहेत, फक्त पगार नाही?"

मामीने जीभ चावली. लेकीने धावत जाऊन कोर्टाचा निकाल आणला. बाईने तो वाचला, नीट घडी केली आणि परत दिला.

"हा सगळ्यांकडे असतो," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटत होती. "अर्जातला वडिलांचा फोन मी लावून पाहिला, बंद आहे. वरच्या बाई म्हणतात, पुरुषाचा खोकला रोज ऐकू येतो, आणि मुलगी रोज संध्याकाळी बाबांना हाक मारते." ती चिमीकडे वळली. "तू सांग. कुणाला बाबा म्हणतेस?"

चिमी उभी होती. हात मागे बांधलेले. खोटं तिला सांगायचं नव्हतं. आणि खरं हे होतं की ती कुणालाच बाबा म्हणत नव्हती, रोज, मोठ्याने. हे असं कसं सांगायचं? तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं असतं तर मामीला इतकं लागलं नसतं.

मामीच्या मनात मूठ खाली गेली, थांबली, वर आली. आता तोंड उघडलं की गल्ली ऐकणार. गल्लीने ऐकलं की कोपरा ऐकणार. म्हणजे इतकी वर्षं उभी केलेली भिंत आपल्याच हाताने पाडायची, आणि रात्री तिथेच अंथरूण घालायचं. आणि नाही उघडलं तर? तर ही पोर जन्मभर काजं करत बसणार, खिडकीत, तिच्याच जागेवर.

मामी उठली. खिडकीचं दुसरं दार तिने धाडकन उघडलं, रस्त्याकडे तोंड केलं आणि खोकली.

पोटातून. जाड. खाकरून शेवट केलेला.

किल्लीवाला बाकड्यावरून उठला. शिकवणीवालीचा हात छातीवर गेला.

"ऐकलंत?" मामी गल्लीला म्हणाली. आवाज फाटला तरी ती थांबली नाही. "हा आमच्या घरातला पुरुष! ह्याला ना पगार, ना रात्रपाळी. माझ्या लेकीचा नवरा कधीच गेला. घरात आम्ही तिघी बायका आहोत. आम्हाला भीती वाटते, म्हणून मी खोकते. झालं समाधान? आता जा आपापल्या कामाला!"

मग ती बाईकडे वळली. दोरीवरचा ओला शर्ट ओढून तिने बाईच्या पुढ्यात धरला, दोन्ही बाह्या ताणून. "बघा. एक हात मनगटापर्यंत आणि एक चार बोटं आखूड. असला माणूस कुठल्या कारखान्यात बघितलात का तुम्ही? पोरीला विचारू नका. ती मी सांगितलं म्हणून हाक मारते. विचारायचं ते मला विचारा."

शर्टाचं पाणी बाईच्या कागदावर टपकलं. बाईने तो पदराने टिपला. मग तिने लिहायला घेतलं, आणि तिघी तिच्या पेनाकडे बघत राहिल्या, डॉक्टरच्या हातातल्या सुईकडे बघावं तशा.

"वडील इथे राहत नाहीत, असा शेरा दिलाय," ती शेवटी म्हणाली. "आईचीच कमाई धरली जाईल. माझ्या शेऱ्यानंतर अडण्यासारखं काही उरत नाही. मदत मिळेल."

लेक मटकन खाली बसली. चिमीने अजून मागे बांधलेले हात सोडले नव्हते.

दारात बाई थांबली. वाकून तिने एक बूट उलटा केला. "येताना हे पडलेले दिसले म्हणून नीट केले, तेव्हा तळवे पाहिले होते. रस्त्याची ताजी माती कुठेच नाही. म्हणून तर आत येऊन बसले, नाहीतर बाहेरूनच गेले असते." ती जरा घुटमळली. "मी एकटी राहते. बाहेर जाताना रेडिओ चालू ठेवून जाते. बातम्यांचा. त्यात पुरुष बोलत असतो." आणि ती गेली.

आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण त्याला बसायला जागा नव्हती. अंधार पडू लागला तसं घर लहान होत गेलं. आत आणलेले बूट खोलीच्या मध्यावर पडले होते, ओला शर्ट खुर्चीवर. बाहेर कोपऱ्यावर कुणीतरी खोकून दाखवलं आणि टोळकं हसलं. लेकीने खिडकी लावली, मग लावली की नाही ते परत बघितलं.

दिवेलागण झाली. चिमी दारापाशी गेली, कडीला हात घातला, आणि सवयीने तिचं तोंड उघडलं. मिटलं. तिने नुसतीच कडी लावली. त्या कडीचा आवाज इतका मोठा असतो हे मामीला ठाऊकच नव्हतं.

मामीने सुईत दोरा ओवायला घेतला, ओवला जाईना. चिमीने हात पुढे केला, तर मामी म्हणाली, "राहू दे."

आणि दाराची मूठ खाली गेली.

हळूच. थांबली. वर आली. परत खाली गेली.

लेकीने चिमीचा दंड धरला. दाराखाली दोन पायांची सावली होती, तशीच. मामीने खोकायला तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की आता त्याचा काही उपयोग नाही. तिने कात्री उचलली. काजं कापायची, वीतभर. दाराजवळ जाऊन ती ओरडली, "कोण आहे रे?"

"मी हो मामी, मी!"

किल्लीवाला.

मामीने दार उघडलं तेव्हा कात्री त्याच्या नाकासमोर होती. त्याच्या एका हातात हत्यारांची पिशवी आणि दुसऱ्या हातात नवीकोरी जाड कडी.

"माणसं दार वाजवतात," मामी म्हणाली. "मूठ कसली फिरवतोस चोरासारखी?"

"ढिली आहे का बघत होतो. आहे ढिली." त्याने मान खाली घातली, आयुष्यात पहिल्यांदा. "चुकलं माझं. ती बाई कॉलेजची हे मला काय ठाऊक? ह्या घराची चौकशी करत कुणी आलं की मी तेच सांगतो. धिप्पाड आहे, तापट आहे. मागे दोघे उनाड आले होते, त्यांना सांगितलं, एकाचा हात मोडलाय ह्याने. बाईमाणूस बघून आज जरा सौम्य सांगितलं. पगार आपला शोभेला घातला."

"थांब," मामी म्हणाली. "म्हणजे आत कुणी नाही हे तुला माहीत होतं?"

"दुकान टाकलं त्याच आठवड्यात कळलं की."

"कसं?"

तो कात्रीकडे बघत राहिला. "राग मानू नका. खोकून झालं की तुम्ही म्हणता, 'आई गं, कंबर.'"

मागे चिमीच्या नाकातून कसलातरी आवाज आला. हसू होतं की रडू, ते तिलाही सांगता आलं नसतं. लेकीने तोंडावर पदर धरला.

मामीला एकदम बसावंसं वाटलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की दाराच्या आत ती एकटी जागी आहे. तिने ते तोंडावर दिसू दिलं नाही. कात्री खाली केली, कमरेवर हात ठेवला, आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"ऐक. दुसऱ्याच्या घरात पुरुष ठेवायचाच होता तर बेकार ठेवायचास. पगारदार ठेवलास, हा तुझा गुन्हा. आता शिक्षा. ती कडी बसव, पैसे मिळणार नाहीत. उद्यापासून बाकडं माझ्या पायरीशी लावायचं, आणि अंधार पडला की तू खोकायचंस. नीट, पोटातून. आणि खोकून झाल्यावर आईला हाक मारायची नाही!"